जाग्यावर पळणारं इंजिन: रोलरवर डीसीसी लोको प्रोग्रॅम करायची माझी पद्धत

डीसीसी म्हणजे मॉडेल रेल्वे डिजिटल सिग्नलनं चालवायची पद्धत, इंजिनातल्या डिकोडरमधली प्रत्येक नंबरवाली सेटिंग म्हणजे एक सीव्ही, आणि रोलर म्हणजे चाकांखाली ठेवायची फिरती बेअरिंगं, ज्यांच्यावर इंजिन जाग्यावर पळतं. सीव्ही लिहायला रोलर लागत नाही, हे आधीच सांगून टाकतो. प्रोग्रॅमिंग चालू असताना चाकं फिरायची गरजच नसते, इंजिन रुळाच्या वीतभर तुकड्यावर नुसतं उभं असलं तरी नंबर आत जातो. मग टेबलावर चोवीस बेअरिंगं मांडून तू करतोस तरी काय, असं आमच्या घरात पण विचारून झालंय. त्याचं असं आहे की नंबर लिहिणं दोन मिनिटांचं काम, पण लिहिल्यावर इंजिन पहिल्या स्टेपला, म्हणजे स्पीडच्या सगळ्यात खालच्या पायरीला, कसं सुटतं, कुठल्या बाजूला जाताना गुरगुरतं, कुठलं चाक करंट घेत नाही हे बघायला ते डोळ्यासमोर चालत राहायला लागतं, आणि माझी माडीवरची रुळाची फळी आहे आठ फूट. एचओ स्केलमध्ये (खऱ्याच्या ८७ पट लहान) ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३२ सेंटीमीटर, म्हणजे साडेसात सेकंदात फळी खलास, एका हातात थ्रॉटल आणि दुसरा हात इंजिन धरायला. रोलरवर तेच इंजिन अर्धा तास जाग्यावर पळतंय आणि मी शेजारी चहा घेत बसतोय. पैलवान आधी तालमीत घाम काढतो आणि मग खासबागेत उतरतो, तसं आमचं इंजिन आधी रोलरवर.

आता रोलर आणायचा कुठनं. तयार मिळतात, बाकरस, केपीएफ झेलर, प्रोसेस, डीसीसी कन्सेप्ट्स ही नावं शोधली की सापडतील, काहींना स्पीड मोजायची सोय पण असते. पैसे आणि धीर असेल तर सरळ मागवा. मला मात्र कोल्हापुरात राहून चार बेअरिंगांची घोडी परदेशातनं मागवायची आणि वर कस्टम भरायचं हे काय पटलं नाही. उद्यमनगरात एक चक्कर मारली की पितळी पट्टी, एम३ चे स्क्रू, लेथवाला, सगळं एका गल्लीत. तिथल्या मिस्त्रीला मी वहीतलं चित्र दाखवलं आणि म्हटलं रेल्वे इंजिन ठेवायला पायजे, तर तो चित्राकडं बघून म्हणतोय, "मालक, एवढ्यानं काय होतंय, जरा जाड पट्टी घेऊया की."

एका एक्सलला एक घोडी, म्हणजे बेअरिंगं लावलेला एक छोटा स्टँड, असा हिशोब. प्रत्येक बाजूला दोन बेअरिंगं, चाक त्या दोघांच्या मधल्या खाचेत बसतं. मी ६९३ नंबरचं झाकणवालं बेअरिंग वापरलं, आतलं भोक ३ मिमी, बाहेरचा व्यास ८, रुंदी ४. दोन बेअरिंगांच्या सेंटरमध्ये ११ ते १२ मिमी ठेवा, साडेबारा मिमीचं चाक व्यवस्थित बसतं, त्यापेक्षा जवळ घेतलं तर चाक वर तरंगतं आणि जरा धक्का लागला की इंजिन उडी मारून खाली. डाव्या-उजव्या बेअरिंगांच्या आतल्या कडांमधलं अंतर १६.५ मिमी, म्हणजे एचओचा गेजच, कारण इथं बेअरिंगची कडच रूळ आहे, चाकाचा सपाट भाग बेअरिंगवर आणि फ्लँज (चाकाची आतली उंच कड) आत लोंबकळत. आणि दोन्ही बाजू एकमेकींना कुठंही लागता कामा नयेत, मध्ये अ‍ॅक्रिलिकचा तुकडा टाका, स्क्रू आरपार घेतला तर तो नायलॉनचा. झाल्यावर मल्टिमीटरनं बीप येतो का बघा, आला तर परत खोला.

घोड्या एकाच पट्टीवर पक्क्या ठोकू नका, रुळाच्या तुकड्यावर पुढंमागं सरकणाऱ्या ठेवा. आपल्या डब्ल्यूडीएम-२ सारख्या अल्को डिझेलच्या बोगीत तीन एक्सल आहेत पण त्यांच्यातलं अंतर सारखं नाही, मॉडेल नीट केलेलं असेल तर त्यातही नसणार. सहाच्या सहा एक्सलला मोटर असेल तर सहा घोड्या लागतात, म्हणून ती चोवीस बेअरिंगं. वाफेच्या इंजिनाला फक्त चालती चाकं घोडीवर, पुढची छोटी चाकं आणि टेंडर (मागचा कोळसा-पाण्याचा डबा) साध्या रुळावर उभं केलं तरी चालतंय, फक्त उंची सारखी करा नाहीतर इंजिन नाक वर करून उभं राहतं आणि टेंडरची जोडणी ताणते.

आता जो भाग मला कुणी सांगितला नव्हता तो. बेअरिंगमध्ये कारखान्यातनंच ग्रीस भरून येतं आणि ग्रीसमधनं करंट नीट जात नाही. थांबलेलं असताना मीटर मस्त बीप करतो, आणि फिरायला लागलं की गोळ्यांवर ग्रीसचा पातळ थर बसून कनेक्शन तुटत-जुळत राहतं. डीसी इंजिनाला फारसा फरक पडत नाही, जरा लाइट मिचमिचते इतकंच, पण डीसीसी डिकोडर म्हणजे आत बसलेला छोटा कॉम्प्युटर, त्याला असं टकाटका रिस्टार्ट होणं चालत नाही, साउंड असेल तर आवाज सारखा पहिल्यापासून सुरू होतो आणि माणूस डिकोडरला शिव्या देत बसतो. मी पंधरा दिवस असाच बसलो होतो. उपाय साधा आहे, बेअरिंगं आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) रात्रभर भिजवायची, फिरवून फिरवून घाण काढायची, दोन-तीनदा, वाळली की शिलाई मशीनच्या तेलाचा सुईच्या टोकावरचा थेंब, बास. त्याच्यावर मी अजून एक केलंय, फॉस्फर ब्राँझची बारीक तार प्रत्येक बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगला हलकी टेकवली, म्हणजे करंटला गोळ्यांमधनं जायची गरजच नाही. हलकी म्हणजे खरंच हलकी, दाबून बसवली तर ब्रेक लागल्यासारखं होतं आणि मग इंजिन जड चालतंय असं वाटून तुम्ही सीव्ही चुकीचे लावाल.

वायरिंग. कमांड स्टेशन म्हणजे रुळात करंट आणि डीसीसी सिग्नल सोडणारा डबा, त्याला दोन आउटपुट असतात, मेन (गाडी पळवायला) आणि प्रोग्रॅमिंग. रोलरला दोन्ही पाहिजेत, आधी प्रोग्रॅमिंग आणि नंतर पळवून बघायला मेन, म्हणून मध्ये एक डबल पोल डबल थ्रो टॉगल (दोन्ही वायरी एकदम इकडनं तिकडं करणारा स्विच) टाका, आणि तो सेंटर-ऑफ असलेलाच घ्या, मधे बंद अवस्था असली की एकीकडनं दुसरीकडं जाताना दोन्ही आउटपुट एकत्र यायची भीती नाही आणि इंजिन ठेवता-काढताना हात मोकळा. माझं कमांड स्टेशन घरीच केलेलं, आर्डुइनो मेगा हा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि त्यावर मोटर शील्ड, आत डीसीसी-ईएक्स हे फुकटचं सॉफ्टवेअर, एक चॅनल मेनला आणि दुसरा प्रोग्रॅमिंगला. खर्चाच्या मानानं नाद खुळा वस्तू आहे, फक्त शील्डचं व्होल्टेज उलटं आर्डुइनोमध्ये जाऊ नये म्हणून व्हिन पिनची जोडणी तोडायला लागते ते विसरू नका. तुमच्याकडं तयार कंपनीचं असेल आणि त्याला एकच आउटपुट असेल तर प्रोग्रॅमिंग करताना बाकीची सगळी इंजिनं रुळावरनं उचला. का, तर प्रोग्रॅमिंग मोडमध्ये पत्ता विचारत नाहीत, जे इंजिन त्या रुळाला लागलंय ते सगळं ऐकतं, आणि मग कोपऱ्यातल्या शंटिंगच्या इंजिनाला पण तोच पत्ता मिळतो.

डिकोडर बसवायच्या आधी इंजिन एकदा साध्या १२ व्होल्ट डीसीवर रोलरवर चढवा. ही पायरी टाळू नका. अर्धा तास पुढं, अर्धा तास मागं, मध्यम स्पीडला, नवीन इंजिनाचे गिअर आणि ब्रश यात बसतात. मग १२ व्होल्ट चालू असताना बोटानं फ्लायव्हील सेकंदभर धरून करंट किती खातंय ते बघा, हा स्टॉल करंट डिकोडरच्या मर्यादेच्या आत पाहिजे, एचओचे बरेच डिकोडर १ अँपिअरच्या आसपासचे असतात. जुन्या मोटरी लई खातात, तिथं मोठा डिकोडर नाहीतर नवी मोटर.

आणि डिकोडर बसवल्यावर मोटरची दोन्ही टोकं चॅसीपासून वेगळी आहेत का हे मीटरनं तपासा. मी एकदा तपासलं नाही. तेलकट हातानं घाईत एक ब्रशचं टोक चॅसीला टेकलेलं राहिलं आणि मी टॉगल सरळ मेनवर टाकला, एक टिक आवाज, मग तो वास. ज्याला तो वास माहीत आहे त्याला वर्णन नको. म्हणून नियम, नवा डिकोडर पहिल्यांदा कायम प्रोग्रॅमिंग आउटपुटवर, तिथं एनएमआरएच्या (डीसीसीचे नियम ठरवणारी अमेरिकेतली संघटना) ठरलेल्या पद्धतीनं करंट साधारण २५० मिलिअँपवर अडवलेला असतो, वायरिंग चुकलं असेल तर नुसतं वाचता येत नाही, जळत नाही.

इंजिन रोलरवर ठेवायची पण एक रीत आहे. घोड्या अंदाजानं सरकवा, टॉगल बंद, दोन्ही हातांनी इंजिन सपाट खाली सोडा, मग एक-एक घोडी बोटानं हलवून प्रत्येक चाक खाचेत बरोबर बसू द्या. बाजूनं बल्ब धरून बघा, एखादं चाक अधांतरी असेल तर लगेच दिसतं. दोन्ही टोकांना काहीतरी आडवं ठेवा, मी खोडरबर ठेवतो, एखादी घोडी घसरली तर इंजिन टेबलावरनं फरशीवर जाऊ नये. रबरी टायरची चाकं असतील तर त्या घोडीवर तेलाचा थेंब राहिलेला नाही ना हे आधी पुसून घ्या. रबराचं चाक करंट घेत नाही त्यामुळं बाकीची चाकं स्वच्छ हवीत.

आता वाचायचं. लिहायच्या आधी वाचायचं, कायम. मी जेएमआरआयचं डिकोडरप्रो हे कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर वापरतो, फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर पण चालतं. पहिला सीव्ही ८ वाचा, तो डिकोडर कुणी केलाय ते सांगतो, १५१ आला तर ईएसयू, १४५ झिमो, १४१ साउंडट्रॅक्स, १२९ डिजिट्रॅक्स, ९९ लेन्झ. सीव्ही ७ मध्ये व्हर्जन. हे दोन आकडे दोनदा वाचून तेच आले तर कनेक्शन चांगलं आहे असं समजा. एकदा १५१ आणि एकदा काहीतरी भलतंच आलं तर पुढं जाऊच नका, चाकं पुसा.

वाचताना इंजिन टिचक्या मारतं ते बघितलंय का? डिकोडर बोलू शकत नाही, तो हो म्हणायला मोटरला साधारण ६ मिलिसेकंद करंट देतो, किमान ६० मिलिअँपचा धक्का, आणि कमांड स्टेशन ती करंटची उडी ओळखतं. डायरेक्ट मोडमध्ये आकड्याचा एक-एक बिट विचारला जातो आणि बरोबर असेल तिथं टिचकी. साध्या रुळावर या टिचक्यांनी इंजिन मिलिमीटर-मिलिमीटर पुढं सरकतं आणि नेमकं एखाद्या घाणेरड्या जागेवर जाऊन थांबतं, मग सतरावा सीव्ही वाचताना एरर. रोलरवर ते जागचं हलत नाही, आणि टिचकी आली का नाही हे चाकाकडं बघून कळतं. टिचकी दिसतेय तरी वाचता येत नाही म्हणजे करंट कमी पडतोय, कोअरलेस मोटरला असं होतं, अशा वेळी लाइट जोडलेली असेल तर मदत होते कारण बरेच डिकोडर टिचकीच्या वेळी लाइटचाही करंट मिळवतात. टिचकीच नाही म्हणजे मोटरची वायर, डिकोडरचा प्लग किंवा चाक.

वाचलेलं सगळं फाइलमध्ये सेव्ह करा आणि मग पत्ता. नवा डिकोडर पत्ता ३ वर येतो. छोटा पत्ता सीव्ही १ मध्ये, १ ते १२७. मोठा पत्ता पाहिजे असेल तर सीव्ही १७ आणि १८. माझं इंजिन महालक्ष्मी एक्सप्रेस ओढतं, तिचा नंबर १७४११, पाच आकडे बसत नाहीत म्हणून ७४११. सॉफ्टवेअर गणित स्वतः करतं पण एकदा हातानं करून बघा: ७४११ ला २५६ नं भागा, २८ वेळा जातंय आणि बाकी २४३. सीव्ही १७ म्हणजे १९२ अधिक २८, २२०. सीव्ही १८ म्हणजे २४३. आणि मोठा पत्ता वापर म्हणून सीव्ही २९ मध्ये सांगायला लागतं, हीच गोष्ट निम्मे लोक विसरतात आणि इंजिन मेलं म्हणून बोंब मारतात. सीव्ही २९ ची बेरीज अशी: उलट दिशा १, २८ किंवा १२८ स्टेप २, डीसीवर चालू देणं ४, मोठा पत्ता ३२. मी ४ घेत नाही, नुसतं ३४ लिहितो, कारण डीसी चालू ठेवलं तर सिग्नल गडबडला की डिकोडरला वाटतं आपण डीसी रुळावर आहोत आणि इंजिन एकदम सुसाट सुटतं. फळी आठच फूट आहे हो.

पत्ता झाला की टॉगल मेनवर, आणि आता रोलरचा खरा उपयोग. सीव्ही ३ (वेग पकडायचा वेळ) आणि ४ (थांबायचा वेळ) शून्य करा, म्हणजे थ्रॉटल हलवला की लगेच कळतं. व्हाइटनरनं चाकावर एक ठिपका द्या. आपल्या डब्ल्यूडीएम-२ चं चाक १०९२ मिमी, एचओत साडेबारा, त्याचा घेर ३९ मिमीच्या आसपास. ताशी ५ किलोमीटरला एचओ इंजिन सेकंदाला १६ मिमी जातं, म्हणजे चाकाचा एक फेरा अडीच सेकंदात. १२८ मधल्या पहिल्या स्टेपला हा ठिपका अडीच-तीन सेकंदात एक फेरा मारेपर्यंत सीव्ही २, म्हणजे सुटतानाचं व्होल्टेज, एक-एकानं वाढवत जायचं. चाक अडखळत फिरत असेल, अर्धा फेरा पटकन आणि अर्धा हळू, तर सीव्हीनं सुटणार नाही, गिअरमध्ये केस-धागा अडकलाय किंवा एक्सल वाकडा आहे, आधी तो काढा. वरच्या स्पीडला मोबाइलचा स्लो मोशन व्हिडिओ, १२० किलोमीटरला त्याच चाकाचे सेकंदाला पावणेदहा फेरे होतात, व्हिडिओत मोजा आणि सीव्ही ५, म्हणजे सगळ्यात वरचा स्पीड, तिथवर खाली आणा. खेळण्यातल्यासारखं तीनशेनं पळणारं इंजिन मला बघवत नाही. सीव्ही ६ म्हणजे मधला स्पीड, तो २ आणि ५ च्या मध्याच्या थोडा खाली ठेवला की स्टेशनात शिरताना थ्रॉटल हाताला मऊ लागतो. दोन्ही दिशांना बघा, बऱ्याच इंजिनांचा एका बाजूचा स्पीड जरा जास्त असतो.

सगळ्यात शेवटी सीव्ही ३ आणि ४. एनएमआरएच्या सूत्रानं सीव्ही ३ ला ०.८९६ नं गुणलं की शून्यापासून फुल स्पीडपर्यंत लागणारे सेकंद येतात, म्हणजे २० लिहिलं तर साधारण १८ सेकंद. काही कंपन्यांचं गणित वेगळं असतं, त्यांचं पुस्तक बघा.

हे सगळं झालं तरी रोलरवरचं शेवटचं मानू नका. तिथं इंजिनावर डब्यांचं वजन नाही, वळण नाही, चढ नाही, त्यामुळं रोलरवर मस्त सुटणारं इंजिन ट्रॅकवर गेल्यावर पहिल्या स्टेपला रुसून बसू शकतं. मी ट्रॅकवर सहा डबे लावून सीव्ही २ परत एकदा बघतो, सहसा दोन-तीन आकडे वाढवायला लागतात, ते मेनवरच प्रोग्रॅमिंग करून, इंजिन न उचलता. ईएसयूच्या डिकोडरमध्ये सीव्ही ५४ ला शून्य लिहून एफ१ दाबलं की तो मोटरचा अंदाज स्वतः घेतो, ते पण मी रोलरवर करत नाही, सरळ रुळावरच करतो, आणि पुढं मोकळी जागा ठेवून, कारण तो फुल स्पीडनं उसळतो.

साउंडवाल्या डिकोडरांची नाटकं वेगळी. कीप-अलाइव्हचा (करंट क्षणभर तुटला तरी डिकोडर चालू ठेवणारा) कपॅसिटर जोडलेला असेल तर चार्ज होतानाच तो इतका करंट ओढतो की प्रोग्रॅमिंग आउटपुट शॉर्ट समजून बंद पडतं, नाहीतर टिचकी त्यात बुडून जाते. एक वायर काढून वाचा आणि परत जोडा, किंवा वाचायचं सोडून मेनवर लिहा. आणि काहीच सुधरेना, कुणीतरी आधी भलतेच आकडे भरून ठेवलेत असं वाटलं तर बऱ्याच कंपन्यांच्या डिकोडरला सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की तो फॅक्टरीसारखा होतो आणि पत्ता परत ३ वर जातो. लिहिताना लाइट गेली तर घाबरायचं नाही, सीव्ही परत वाचायचे आणि आधी सेव्ह केलेली फाइल परत लिहायची. ती फाइल त्यासाठीच.

राहता राहिला पावसाळा. आपल्याकडं जून ते सप्टेंबर भिंतीला पण पाझर फुटतो, ग्रीस काढलेली बेअरिंगं त्या हवेत उघडी ठेवली तर आठवड्यात गंजाची लाली धरतात आणि फिरवली की करकर वाजतात. वापरून झालं की तेलाचं बोट फिरवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत बुटाच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या चार पुड्या. माझ्या डब्यावर घरच्यांनी चिकटपट्टी लावून लिहिलंय, "चिवडा नाही."